नाव नसलेला गोल

कामोठे,
सोमवार, दुपार

प्रिय आत्या,

काल तुझं बारावं झालं आणि आज सकाळी मी लॅपटॉप उघडला, तो तुझ्या नावाआधी 'कै.' लावायला. खाडीच्या नकाशात तुझा फोटो आहे ना, त्याच्याखाली 'द्वारकाबाई, दिवाळे' असं आहे. प्रदर्शनवाल्यांचा मेसेज आला होता, सवडीने एवढी दुरुस्ती करा म्हणून. दुरुस्ती म्हणे! मी ते टाइप केलं. ठळक बरं दिसेल की साधं, ते पाहिलं. फोटोला टेकत होतं म्हणून जरा डावीकडे सरकवलं. हे सगळं करताना मला काहीही वाटलं नाही. मग सेव्ह न करताच फाईल बंद केली आणि तुला लिहायला बसले, कारण काल तुझ्या सुनेने, रंजनाने, मला जे सांगितलं ते तुझ्याशिवाय कुणाशी बोलायचं?

आधी एक सांगून टाकते. मी रडलेली नाही. दुपारी जेवून पडलीस ती उठलीच नाहीस, हे सांगायला तुझ्या संतोषचा फोन आला, तेव्हा मी दवाखान्यांच्या एका नकाशाचे रंग बदलत होते. 'निघते' म्हणाले आणि उरलेले रंग बदलून मग निघाले. दिवाळ्याला पोचल्यावर सगळ्या बाया माझ्या गळ्यात पडून रडत होत्या आणि मी त्यांच्या पाठीवर थोपटत होते. दाताचं इंजेक्शन दिल्यावर गाल कसा होतो, आपलाच असतो पण चावला तरी कळत नाही, तशी मी आहे अजून. तुला राग येईल का गं? बहुतेक तू म्हणशील, जेवलीस का ते सांग आधी.

जेवले.

तुला माझं काम कळत नाही, असं मी सगळ्यांना हसत सांगायचे. बाबांनी नोकरीसाठी गाव सोडून इथे फ्लॅट घेतला, आणि त्यांची मुलगी घरात बसून नकाशे काढते याचंच तुला हसू यायचं. एकदा तू पिशवीभर तिसऱ्या घेऊन आलीस, शिंपल्यांचे ओले हात पदराला पुसत माझ्या मागे उभी राहिलीस आणि स्क्रीनकडे बघून म्हणालीस, "अगो, सगली खाडी येकाच निल्या रंगाची? ही भरतीची हाय का ओटीची?"

किती वर्षं मी पाणी निळं रंगवत होते, पण कुठल्या वेळेचं पाणी, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. त्या प्रश्नावरून तर तो नकाशा झाला. खाली एक पट्टी, ती बोटाने सरकवली की भरती येते, उलटी सरकवली की पाणी मागे जाऊन चिखल उघडा पडतो, आणि चिखलावर तू सांगितलेली एकेका जागेची नावं. नावावर बोट ठेवलं की तुझा आवाज. प्रदर्शनात लागला आणि इंटरनेटवरही, कुणालाही फोनवर उघडता यावा असा. लोकांनी माझं केवढं कौतुक केलं. कल्पना कोणाची, हे मी दोनदाच सांगितलं असेन.

आणि तो होडीतला दिवस. पहाटेच्या ओहोटीला तू मला घेऊन गेलीस. वल्हं तुझ्या हातात, माझ्या हातात फोन. नाव सांगायचीस, मी रेकॉर्ड करायचे. मग पाणी उतरलं, तो लांबट उंचवटा वर आला आणि तू होडी लावलीस. चिखलात बोटं घातलीस की मूठ भरून तिसऱ्या निघत होत्या. बारीक असतील त्या परत आत दाबत होतीस, बी पेरावं तशा. सासूने तुला दाखवलेली जागा. तू रंजनालाही अजून दाखवली नव्हतीस, कारण ती बाजारात विकायला बसते आणि "मी हाय ना अजून" हे तुझं ठरलेलं उत्तर.

"बाकी सगला टाक. ही जागा टाकू नको हां," तू म्हणालीस. "मानसा पोती घेवन येतील. खरडून नेली तं तीन पावसाले हात लावायचा नाय, तवा कुटं परत भरतं."

मी शप्पथ म्हणाले. खरंच म्हणाले होते, आत्या.

ते रेकॉर्डिंग आज सकाळी ऐकलं. तू विचारतेस, "बंद केलंस ना गो?" आणि मी म्हणते, "हो, केलं." तिथे ते संपतं. मी खोटं बोलले नव्हते. म्हणता म्हणताच आवाज बंद केला होता. पण होडी कुठून कुठे गेली याची रेघ फोन आपोआप काढत होता, ती चालूच राहिली.

आता माझं शहाणपण ऐक. नकाशात मी त्या जागेला नाव दिलं नाही. फोटो नाही, आवाज नाही. शब्द पाळला म्हणून स्वतःवर खूश होते. पण होडीची रेघ इतकी सुंदर आली होती की ती मला वगळवेना. त्या रेघेला मी एक नियम लावला होता: होडी जिथे जितका वेळ थांबली, तिथे तितका मोठा गोल. आपण सगळ्यात जास्त वेळ कुठे थांबलो होतो? खाडीतला सगळ्यात मोठा गोल तोच, आणि तेवढ्यावरच नाव नाही! लोकांची सगळ्यात जास्त बोटं त्यावर पडायची, हे मला इथे बसून दिसत होतं. मला वाटायचं, वा, लोकांना कोडं आवडतंय. हा धंदा करते मी, आत्या. रिकाम्या गोलाकडे माणसाची नजर आधी जाते, हे मी नवीन मुलांना शिकवते.

दिवाळीनंतर तुझा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोललीस आणि मग विचारलंस, "पमी, तो तुजा नकाशा पुसता येतो काय गो?"

मी काय म्हणाले ते तुला आठवत असेल. मला आठवायला काल रंजना लागली. मी म्हणाले, "पुसायचा कशाला? लोकांना आवडतोय." दुसऱ्या कॉलवर जायचं होतं मला. तू "बरां बरां" म्हणालीस. असं का केलंस? चार शिव्या का नाही घातल्यास? बाजारात पाच रुपयांवरून बाईला फाडून खाणारी तू, आणि माझ्यासमोर बरां बरां? याचा मला राग आहे, आणि सध्या तेवढी एकच गोष्ट मला नीट जाणवते आहे.

काल पानं उठल्यावर रंजना मागच्या दारी भांडी घासत होती. मी शेजारी बसले. मान वर न करता ती म्हणाली, "ताई, एक विचारू? तुमी रागवू नका. तो मोबाईलमधला नकाशा तुमचाच ना?"

मग तिने सांगितलं. जेटीवर दोघं जण आले होते, चांगल्या घरातले, टोप्याबिप्या घातलेले. तू जाळं वाळत घालत होतीस. त्यांनी तुलाच फोन दाखवून विचारलं, मावशी, हा मोठा गोल आहे तिथे कसं जायचं? आणि त्यांच्या बोटाचा धक्का कुठेतरी लागून त्या फोनमधून तुझाच आवाज यायला लागला, दिवाळ्याच्या चिखलांची नावं सांगणारा.

"आई बोलल्या, मना नाय म्हाईत," रंजना म्हणाली. "पन ते गेले बोट घेऊन. मग आनखी आले. महिन्याभरात आईंची पाटी अर्धीच भरायला लागली. कुटं काय झालं ते आमाला नाय सांगितलं. फक्त बोलल्या, पमीला यातला काय सांगू नका, तिचं मन लागनार नाय कामात."

त्या अर्ध्या पाटीतूनही तू मला पिशवी पाठवत राहिलीस! मी म्हणायचे, हल्ली तिसऱ्या बारीक असतात गं. हे मी तुला फोनवर सांगितलं होतं. आता ते वाक्य मी कुठे ठेवू?

शेवटी रंजनाने हात धुतले आणि विचारलं, "ताई, ती जागा नक्की कुटं हाय? संतोषला पन नाय म्हाईत. आई तुमालाच घेऊन गेल्या होत्या." सगळ्या जगाला माहीत असलेली जागा, आत्या, आणि जिचं घर त्यावर चालायचं तिला माहीत नाही.

फोनमधला गोल दाखवता आला असता, पण खुणांनी मला सांगता आली नाही. तू दाखवली होतीस, उभी राहून, हात लांब करून. देवळाचा कळस आणि डोंगरातली खाच एका रेघेत आणायची. मध्ये टॉवर झाला, खाच झाकली गेली, तर तू तिच्याऐवजी पिवळ्या बिल्डिंगची पाण्याची टाकी धरलीस, कुणाला न विचारता. ही एक रेघ. दुसरी पुलाच्या बाजूला. पुलाच्या एका खांबाशी काहीतरी जुळवायचं, आणि दोन रेघा जिथे भेटतात तिथे होडी लावायची. काहीतरी म्हणजे काय? कुठला खांब? मला माहीत नाही. तू दुसरी खूण सांगत होतीस तेव्हा मी मान खाली घालून बघत होते, फोन रेघ नीट काढतोय ना.

आत्या, मघाशी लिहिणं थांबवून मी तो नकाशा उतरवला. अख्खाच. प्रदर्शनवाल्यांना कळवलंय, त्यांना राग आलाय, येऊ दे. ज्यांनी जागा बघून ठेवली त्यांच्या डोक्यातून ती पुसता येत नाही, हे मला कळतं. तुझ्या नावाआधीचं 'कै.' मात्र मी लावलं नाही. आता तो गोल फक्त एकाच ठिकाणी उरलाय, माझ्या फोनमध्ये. तोही पुसणार होते. बोट ठेवलं होतं. मग थांबले, कारण तिकडे जायला आता माझ्याकडे दुसरं काही नाही.

तर आता माझं ऐक. येत्या अमावास्येच्या ओहोटीला मी रंजनाला होडीत घालून नेणार. वल्हं संतोष मारेल, त्याला जमेल तसं. त्या गोलावर होडी लावीन, फोन खाली ठेवीन आणि मान वर करीन. पुलाच्या खांबाशी काय जुळतंय ते सापडेपर्यंत बघत राहीन, आणि रंजनाला दोन्ही रेघा तिच्या बोटाने दाखवायला लावीन, एकदा नाही, दहादा. तिला आल्या की तिच्यासमोर गोल पुसीन. तिसऱ्यांना हात लावणार नाही. तीन पावसाळे ती, मी, कुणीच नाही, आणि बाहेरचं कुणी पोतं घेऊन आलं तर मी जेटीवर उभी राहून भांडेन. मला भांडता येत नाही, शिकेन.

आणि परत येताना फोन बंद करून पिशवीत टाकीन. आवाज बंद, रेघही बंद. या वेळी तू विचारलंस ना, "बंद केलंस ना गो?", तर मला खरं उत्तर देता येईल. विचारशील का गं एकदा?

तुझीच,
पमी