बिनजाळाची चूल

रंभाचे बाबा,

रंभाले घेऊन मी दुर्गले कौशल्याबाईकडे बारशाले चालली. सांजेच्या गाडीनं वापस येतो.

वरन मातीच्या गाडग्यात हाय, ते अजून गरमच असन. भाजी जर्मनच्या गंजात हाय, ती थंडी झाली असन. शेगडीवर ठेवजा. ते भांडं लवकर तापते, फडक्याशिवाय उचलू नोका.

काल जेवतानी तुमी भावजीले तुमच्या कारखान्यातल्या रशियन साहेबाची चूल सांगून राहिले होते. जाळ नाही, पान्याचा अंश असलेलं अन्न तेवढं तापते, कोरडी बशी थंडीच रायते, अन् आत लोखंड ठेवलं त ठिनग्या उडतात. मी फिसकन हासली. तुमी ताटावरून उठले. सकाळी डब्बा बी नाही नेला.

मंग सयपाक करता करता मले वाटलं, लोखंडाचं पानी होते असं माह्या माहेरी कोनी म्हनलं असतं, त मी त्याच्यावर बी हासली असती. तुमी त ते कारखान्याच्या भट्टीत रोज पाहून येता.

आज बारशात सगळ्या बायांले ती चूल सांगतो. कोनी हासली त तिची काही खैर नाही.

पोटभर जेवजा.

कांता