चिमणीच्या झिपऱ्या

ती. आईस,

पाया पडतो. गुडघे दुखत असतील तर उठू नकोस, बसल्या जागेवरूनच आशीर्वाद दे.

मी ठीक आहे. दुकानात आता खिडकीजवळची खुर्ची मला मिळाली. मालक कुरकुरतो, पण गिऱ्हाइकं मलाच मागतात. जेवण वेळेवर होतं, म्हणजे बहुतेक वेळा.

चिमणीचा फोटो बघून तू लिहिलंस, "बाप न्हावी आणि पोरीच्या झिपऱ्या डोळ्यांवर! घटस्फोट घेतला तो घेतला, आता पोरीकडे बघायलाही तिच्या आईला वेळ नाही का?" मलाही तसंच वाटायचं. म्हणून या महिन्यात चिमणीला माझ्याकडे सोडायला ती दुकानाच्या दारात आली, तेव्हा मी बोललोच, "तुमच्या गल्लीत एखादं सलून नाही का?"

ती चिमणीचा हात माझ्या हातात देऊन निघून गेली.

खुर्चीच्या हातांवर फळी टाकून चिमणीला बसवलं, तर तीच म्हणाली, "आई दुसरीकडे नेतच नाही. केस बाबाच कापणार म्हणते. शाळेतल्या बाई ओरडल्या, तर त्यांनाही तिनं तेच सांगितलं."

मी कात्री चालवली. आई, तिला नावं ठेवू नकोस. फोनवर तर मुळीच नको.

दादाचा खोकला थांबला का? तू गोळ्या घेतेस ना, की नुसत्याच उशाशी ठेवतेस?

आणि पुढचा फोटो बघून ओरडू नकोस. या वेळी कपाळावरचे केस मीच जरा लांब ठेवलेत. लवकर डोळ्यांवर येतील.

तुझाच,
धाकटा