स्टीलच्या ग्लासातली वाइन

अण्णा, तुम्हाला वाइन माहीत नव्हती. कागदाच्या मिलच्या कॉलनीत तेव्हा ती कुणी पीत नव्हतं. व्हिस्की होती, रम होती, आणि तुम्ही जिला 'खालच्यांची' म्हणायचात ती मोहाची होती. म्हणून भाऊ आणि मी रविवारी दुपारी काय पीत आलो, ते आधी सांगते. द्राक्षाची लाल दारू, नाशिककडची, दुकानातली सगळ्यात स्वस्त. तिला बूच नसतं, फिरवून उघडायचं पत्र्याचं झाकण असतं. बाटली आम्ही बादलीतल्या पाण्यात बुडवून ठेवतो, स्टीलच्या ग्लासात ओततो, वर बर्फ टाकतो. सोबत लसणाची शेव, आणि भाऊला लहर आली तर मावा जलेबी. पहिल्यांदा त्याने ती आणली तेव्हा एक घोट घेऊन त्याने तो तोंडात घोळवला. मग म्हणाला, "जांभळं खाल्ल्यावर जीभ होते ना बाई, तशी झाली बघ," आणि खरंच जीभ बाहेर काढून दाखवली. साठी ओलांडलेला माणूस. मी इतकी हसले की माझ्या ग्लासातली वाइन पदरावर सांडली. डाग अजून आहे.

तुमचे जावई वारल्यापासून भाऊ माझ्याकडे बुऱ्हाणपूरला येऊ लागला. दापोऱ्याहून मोटारसायकलवर येतो, केळीची फणी आणतो, दारात चपला काढतो. सुरुवातीला तो भिंतीला पाठ लावूनच बसायचा, दरवाजा दिसेल असा. मी मागून आले तर दचकायचा. कारण मागून आलेलं त्याला ऐकू येत नाही, डावा कान गेलेला आहे. भिंत सोडून टेबलाशी, माझ्याकडे पाठ करून जेवायला बसण्याइतका तो मोकळा झाला, त्याला काही वर्षं लागली. ती वर्षं आणि त्या स्वस्त बाटल्या मला एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

त्याच्या कानाबद्दल तुम्ही कधी बोलला नाहीत. आईसमोरही नाही. त्यामुळे तुम्हाला किती आठवत होतं मला माहीत नाही. मला सगळं आठवतं.

मोह गळायचे दिवस आहेत. भाऊ शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे. बांबूच्या गाड्या खाली करणाऱ्या मजुरांबरोबर तो यार्डात बसतो आणि पळसाच्या पानाच्या द्रोणातून मोहाची पितो. तुमच्या साहेबांनी ते जीपमधून पाहिलं आणि मशीनवर सगळ्यांसमोर तुम्हाला म्हणाले, "फोरमनसाब, लड़का आपके लेवल का नहीं निकला." हे मला पुढे आईने सांगितलं. मी पाहिलं ते एवढंच की तुम्ही पाळी सुटल्यावर घरी आलात, अंगणात गेलात आणि कपडे वाळत घालायचा दोर सोडलात. मिलमधला जुना दोर, ओला कागद एका सिलिंडरवरून पुढच्यावर ओढून नेणारा. झिजला की तुम्ही त्याचे तुकडे घरी आणायचात. त्यावरचे कपडे तुम्ही आधी काढलेत आणि आईच्या हातावर ठेवलेत, एकेक करून. मग आत येऊन दाराची कडी लावलीत.

भाऊला अजून थोडी चढलेली होती. तो उभा राहिला.

"प्यालास म्हणून नाही मारत," तुम्ही म्हणालात. आवाज चढलेला नव्हता. "प्यायची तर माझ्याजवळ बस, मी पेग भरून देतो. सीलबंद बाटलीतला, काचेच्या ग्लासात. त्या लोकांच्या मांडीला मांडी लावून, पानातून पितोस?"

आणि भाऊ हसून म्हणाला, "अण्णा, खरंच चांगली होती. एकदा पिऊन तर बघा."

पहिला फटका तोंडावर बसला. ओठ फाटला. दुसरा पाठीवर, तिसरा पुन्हा तोंडावर. तो खाली पडला तेव्हा तुम्ही दोर हातावर दोनदा गुंडाळून आखूड केलात, म्हणजे गाठीचं टोक नेमकं लागेल. आई कपड्यांसकट मध्ये पडली. तिच्या मानेवर वळ उठला, तिला तुम्ही बाजूला ढकललंत, ती पाटा-वरवंट्यावर जाऊन आपटली. गाठ भाऊच्या कानावर बसली तेव्हा तो ओरडला नाही. ओरडायचा थांबला. खाली मिलमधून आणलेलं जुनं फेल्ट, लोकरीचं जाड कापड, अंथरलेलं होतं, आपल्याकडे सतरंजी म्हणून तेच असायचं. ओल्या कागदातलं पाणी शोषून घेणं हे फेल्टचं काम. कानातलं रक्त त्याने लगेच आत घेतलं, वर थारोळंसुद्धा साचलं नाही. आईने पुढे ते सोड्यात उकळलं, घासलं, शेवटी उलटं करून अंथरलं. तुम्ही हात धुतलेत, काचेच्या कपाटातून तुमचा नक्षीचा ग्लास काढलात आणि खुर्चीवर बसून पेग भरलात. सावकाश प्यायलात. भाऊ तुमच्या पायांपासून हातभरावर पडलेला होता.

सकाळी तो केळीच्या ट्रकवर चढून दापोऱ्याला गेला. घड वाहायचं काम केलं, तिथंच लग्न केलं, सासऱ्यांची शेती सांभाळली. तुम्हाला खांदा द्यायला आला आणि स्मशानातून परस्पर परत गेला.

आता गेल्या महिन्यातलं.

तुमचा नातू, माझा पोरगा, पुण्याहून आला होता. तुम्ही गेल्यानंतर जन्मलेला, तुमच्यासारखा उंच. पुण्यात वाइन कशी चाखायची ते शिकवतात, त्याने तो क्लास केला आहे. येताना एक महागडी बाटली आणि लांब दांड्याचे चार ग्लास आणले. रविवार होता. मी पुऱ्या लाटत होते, भाऊ टेबलाशी बसला होता, त्याची बाटली बादलीत होती. सुरुवात छान झाली.

"मामा, पहले घुमाओ," पोरगा म्हणाला. "असं. आता नाक आत घालून वास घ्या."

"वास कशाला? दूध नासलं का बघायला वास घेतात," भाऊ म्हणाला. "ही तर नासवूनच बनवली ना?"

पोरगाही हसला. "मामा, तुम्ही पण ना. ओक का टेस्ट येतोय का? पिंपाच्या लाकडाचा?"

"मला तर पैशाचा टेस्ट येऊन राहिला," भाऊ म्हणाला आणि सवयीने बर्फाचे दोन खडे त्या नाजूक ग्लासात सोडले.

पोराने त्याच्या हातातून ग्लास काढून घेतला. रागाने नाही, लहान मुलाच्या हातातून कात्री घ्यावी तसा. "नाही मामा, मर्डर है ये," म्हणाला आणि ग्लास सिंकमध्ये ओतला. मग बादलीतली बाटली उचलली, लेबल वाचलं, झाकण फिरवलं आणि तीही ओतायला लागला. "ये लेबर क्लास वाली चीज आहे. आता नका पीत जाऊ. मम्मी सांगते ना, आजोबांचं काचेचं कपाट होतं, कट-ग्लास होते. त्यांचा काही क्लास होता यार."

कपाटाचं मीच सांगितलं होतं. बाकीचं घरात कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"ओतू दे," भाऊ मला म्हणाला. "शिकून आलाय तो. दुसरी आणू."

माझ्या हातात लाटणं होतं. मी ते त्याच्या मनगटावर मारलं. सुकी काडी मोडावी तसा आवाज आला, बाटली सिंकमध्ये फुटली. तो माझ्याकडे बघत राहिला, त्याला कळेचना. मी दुसरा खांद्यावर मारला. तो वाकला तेव्हा पाठीवर मारले, किती ते माहीत नाही. "मम्मी, मम्मी" म्हणत होता, पाच वर्षांचा असल्यासारखा. टेबलावरचे ग्लास खाली पडले, माझ्या तळपायात काच घुसली ती मला संध्याकाळी समजली. मला वाटत होतं भाऊ येऊन माझा हात धरेल. तो आला नाही म्हणून मी वळून पाहिलं.

तो फ्रिज आणि भिंतीच्या मधल्या सांदीत उभा होता. दोन्ही हात डोक्यावर, कोपरं तोंडासमोर, डाव्या कानावर तळवा दाबलेला. डोळे मिटलेले होते.

"पुरे करा ना, अण्णा," तो म्हणाला.

पोराच्या मनगटाला तडा गेला होता. डॉक्टरांना तो म्हणाला, बाथरूममध्ये घसरलो. प्लास्टर घालून पुण्याला गेला. भाऊ पुढच्या रविवारी आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मग मीच बाटली घेऊन दापोऱ्याला गेले. त्याने ओट्यावर चटई टाकली, पाठ भिंतीला लावून बसला, आणि चहाच्या कपांत वाइन ओतली.

"पोऱ्याचा हात कसा आहे?"

"बरा आहे. प्लास्टर निघेल."

"माझ्यासाठी मारलं ना तू त्याला?"

मी कप चटईवर ठेवला.

"तर ऐक, बाई. माझ्या नावाने आता कुणी कुणाला मारायचं नाही. तुझ्या घरी मी नाही येणार. तू येत जा. मी तुझ्यावर रागावलो नाही, पण त्या घरात बसलो की आता मला तुझ्या हाताकडे बघावं लागेल. तसं बघत कशी प्यायची?"

मी तशी जाते. रविवारची बस असते, शेव मी नेते, बर्फ त्याच्याकडे असतो. वाइन तीच, सगळ्यात स्वस्त. चव तशीच लागते, त्याने मला वाईट वाटतं आणि बरंही वाटतं. माझ्या टेबलाशी मात्र आता कुणी बसत नाही.

अण्णा, हे कागद कुठल्या पोस्टात टाकायचे नाहीत, म्हणूनच खरं लिहिता आलं. लाटणं उचलल्यापासून भाऊकडे वळून पाहीपर्यंत जो वेळ गेला, त्यात मला फार बरं वाटत होतं. हात हलका झाला होता, छातीतलं काहीतरी सुटं झालं होतं, आणि थांबावंसं वाटत नव्हतं. तुम्हाला तसंच वाटायचं का, हे विचारायला तुम्ही नाही आहात. पोराचा फोन दर दोन-तीन दिवसांनी येतो. तो हाताबद्दल काही म्हणत नाही, जेवलीस का विचारतो. मी त्याला अजून 'माझं चुकलं' म्हटलेलं नाही. म्हणायला तोंड उघडते, तेवढ्यात ते बरं वाटणं आठवतं, आणि मी त्याला पुण्यात पाऊस आहे का विचारते.