वेगळी चूल

प्रिय प्रांजल, माझ्या लेकीची लेक आन् आता आमची सायबीन,

तुझ्या नोकरीची खबर आली तवापासून माझा पाय जमिनीवर ठरंना बघ. पालिकेत कायद्याची अधिकारी, मेंबर लोक नियमानं वागतात का ते बघायचं काम, असं तू सांगितलंस आन् मी ते डेअरीवर दूध घालायला आलेल्या समद्यांना सांगून टाकलं. साळूबाई म्हणाली, "म्हंजी मेंबरांवर मास्तरीण?" म्हटलं, व्हय, तशीच. कुणी साडी पाठवली ती तू घडी न मोडता परत केलीस म्हणं. लई आवडलं मला. रंग कसला व्हता गं? आपलं उगंच इचारते. मी चौथीपतोर शिकलेली, अक्षर वेडंवाकडं, पण फोन शेजारच्या सोजरबाईच्या घरात आन् तिथं दहा कान. म्हणून लिहिते.

हिकडं तुझ्या सुदर्शनमामाची ग्रामपंचायतीची मेंबरकी वाचली, ही मोठी आनंदाची गोष्ट. तुला ठावं हाय, मामानं स्लॅबचं घर बांधलं तवा तुझी मामी सुलक्षणा म्हणाली, चुलीच्या धुरानं फरशा काळ्या व्हतील. गॅसवरची भाकर मला गोड लागत न्हाई असं मीच म्हटलं आन् गायरानातल्या पत्र्याच्या खोलीत आले. तिथं आधी शेळ्या बांधायचो. चार दिवसांसाठी आले व्हते, राहिले. मग हौशीरामनं अर्ज केला. निवडणुकीत मामानं पाडलेला तो. मेंबराच्या घरचं माणूस सरकारी जागेत राहत असलं तर मेंबरकी जाते म्हणं. तुला तर हे पाठच असंल. म्हंजी गावातलं अतिक्रमण कोण, तर तुझी आज्जी! हसूच आलं मला.

मामा वकिलाला घेऊन आला. किती दिवसांनी आला, गडबडीत माझ्या हातनं चहात साखरच जास्त पडली. वकील म्हणाले, "आजी, एवढंच सांगायचं, मी वेगळी राहते, चूल वेगळी, पोरगा बघत नाही." मामा म्हणाला, "आई, खोटंच हाय, पण बोल. इज्जतीचा सवाल हाय." म्हटलं, बोलंन की, त्यात काय एवढं.

चौकशीला बाईच आल्या, तुझ्याच वयाच्या. तुझ्यासारखाच पेन कानामागं खोचायची सवय. दारातल्या कढीपत्त्याचं कौतुक केलं, मी फांदी मोडून देत व्हते तर नको म्हणाल्या, तुझी आठवण आली. मग इचारलं, मुलगा येतो का? दिवाळीला तुम्ही कुठं होता? ताप आला तेव्हा कोणी बघितलं? मी सांगत गेले. दिवाळीला हितंच व्हते, चुलीपाशी. तापात सोजरबाईनं पेज दिली. मुलगा रस्त्यानं जातो, दिसतो, तब्येत चांगली हाय त्याची. बाई लिहायच्या थांबल्या आन् माझ्याकडं बघत बसल्या. मामा खाली मान घालून व्हता. मला वाटलं, आता ह्याला राग आला. पण बाईंची गाडी वळली तसा खदाखदा हसला. "आई, काय बोललीस! तमाशाच्या फडात पाहिजे व्हतीस तू!" आन् त्यानं स्वतःच्या हातानं मला पेढा भरवला. प्रांजल, मी एक शब्द खोटा बोलले नव्हते. पेढा मातर गोड लागला.

आता माझं रेशनकार्ड वेगळं केलंय. वकील म्हणाले, पुढच्या निवडणुकीपतोर असंच दिसलं पाहिजे, हौशीराम मोबाइल घेऊन फोटो काढत फिरतो. आधी मामा मोटरसायकलवरून जाताना हॉर्न तरी वाजवायचा. आता पुढं बघून जातो. मीबी गाडीचा आवाज आला की आत व्हते, उगं त्याची अडचण नको.

ह्या पत्राचं खरं काम आता लिहिते. सोजरबाईनं मला दवाखान्यात नेलं व्हतं. पोटात गाठ हाय आन् ती पसरलीय. तुझ्या आईला सांगू नको, ती रडत पळत येईल. निवडणुकीला अजून तीन वर्षं हायत, मी तोवर राहत न्हाई. तू ह्याच कामातली, म्हणून इचारते. मी गेल्यावर सुदर्शननं मला अग्नी दिला आन् हौशीरामनं फोटो काढला, तर आम्ही एकाच घरचे धरतील का? त्याची मेंबरकी जाईल का? जाणार असंल तर कळव. सोजरबाईच्या ज्ञानूला अग्नी द्यायला आधीच सांगून ठेवते, तो न्हाई म्हणायचा न्हाई. आन् कायद्यानं काही व्हत नसंल, तर मातर मला उत्तर लिहू नको, पोरी. मग मामा आला न्हाई तर मी काय समजायचं?

तुझीच म्हणून उरलेली आज्जी,
साखरबाई