सोबत: जाळी, नग एक

रॉकलंड,
१७ फेब्रुवारी १९९४

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

विनीआत्याकडे सुखरूप पोचले. बातमी वाईट आहे, म्हणून आधी तीच सांगते. भरतीच्या तपासणीत डोळे, कान, छाती सगळं ठणठणीत निघालं. मग डॉक्टरांनी उजवा हात पुढे करायला सांगितला. तर्जनीची दोन पेरं नाहीत हे दिसल्याबरोबर कागदावर शिक्का बसला: अपात्र.

पण दार पुरतं लागलेलं नाही. तटरक्षक दलाच्या मोठ्या डॉक्टरांकडे वैद्यकीय सूट मागता येते. भरतीचे साहेब म्हणाले, दहांतल्या दोघा-तिघांनाच मिळते. मी म्हटलं, मग त्या दोघा-तिघांत मला धरा. एक्स-रे आणि शस्त्रक्रियेचे कागद आत्या जमवते आहे. शिवाय या हाताचं काम ज्यानं रोज पाहिलं आहे, त्याचं पत्र हवं. बोटीवर सात वर्षं मी कुणाच्या शिव्या खाल्ल्या? तेव्हा पत्र तुम्हीच लिहायचं.

आणि त्या निमित्तानं एकदा माझ्या हाताकडे बघा हो बाबा. मी मिठाची डबी पुढे केली की तुम्ही भिंतीकडे बघता. आपल्या भिंतीत बघण्यासारखं काही नाही.

तुमची माया अशीच राहू द्या.

तुमची,
कोरी

पिटमन बेट,
३ मार्च

चि. कोरीस,
अनेक आशीर्वाद.

टपालाची बोट वाऱ्यामुळे दोनदा आली नाही, म्हणून उशीर. तुझ्या हातावर शिक्का मारणाऱ्या त्या शहाण्याला जानेवारीत माझ्या बोटीवर उभा कर म्हणावं. दहाच्या दहा बोटं असून पाण्यातून शेवंडाचा एक पिंजरा वर घेता आला, तर माझं नाव एल्डन थर्लो नाही.

खरं सांगू? शिक्का बसला हे वाचून मी अर्धा खूश झालो. म्हटलं, पोरगी आता बोटीवरच राहील. मग स्वतःचीच लाज वाटली. तुझी आई असती तर तिनं मला घराबाहेर काढलं असतं.

पत्र लिहायला तीनदा बसलो आणि तिन्ही कागद शेगडीत गेले. माझ्याच्यानं होत नाही. पाद्रीबाबांना सांगू का?

जपून राहा आणि आत्याला छळू नकोस.

तुझा,
बाबा

रॉकलंड,
१९ मार्च

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

पाद्रीबाबांना बोटीवर उलट्या होतात. ते काय सांगणार माझ्या कामाचं? सगळे कागद पंधरा एप्रिलच्या आत पोचले पाहिजेत. तुमच्या पत्राशिवाय अर्ज पुढे सरकत नाही.

मला हे का हवं आहे, ते मी तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. मी बारा वर्षांची होते. हात टॉवेलात गुंडाळलेला, बाहेर धुकं इतकं की आपल्याच बोटीचं टोक दिसेना. तरी तटरक्षक दलाची नारिंगी पट्ट्याची बोट आली. त्यांच्यातल्या एका पोरसवदा शिपायानं माझं मनगट किनाऱ्यापर्यंत वर धरून ठेवलं. आपल्या आजीच्या बकरीचे किस्से सांगत राहिला, पण एकदाही रडू नकोस म्हणाला नाही. बाबा, मला तो शिपाई व्हायचंय. धुक्यात सगळे माघारी फिरतात तेव्हा आत जाणारं माणूस व्हायचंय.

तुम्ही लिहिणार नसाल तर मी, तुम्ही ज्याच्याशी बोलत नाही त्या मेरिल एम्सकडे पत्र मागीन. मग बसा हात चोळत.

रागावू नका, पण लिहा.

तुमची,
कोरी

पिटमन बेट,
९ एप्रिल

चि. कोरीस,
अनेक आशीर्वाद.

मेरिलचं नाव काढलंस, घाव बरोबर बसला. पत्र काल धाडलं. काय लिहिलं ते तू माझ्याकडूनच ऐक.

सात वर्षं मी साऱ्या बेटाला सांगितलं की दोर निसटला. दोर निसटला नव्हता. मेरिलनं त्याचे पिंजरे माझ्या पिंजऱ्यांवर आडवे टाकले होते, आणि मी तिकडे तोंड करून त्याच्या नावानं बोंबलत होतो. तू दोर ओढायच्या यंत्राच्या चकतीत अडकलेलं शेवाळ काढत होतीस. मी न बघताच खटका दाबला. हे मी सरकारी कागदावर सहीनिशी लिहिलं. तुझ्या हाताबद्दल लिहायचं आणि हे लपवायचं, म्हणून आधीचे तीन कागद जळाले. पोरी, चूक माझी होती.

पुढे हाताची तारीफ लिहायला घेतली, तर शब्दच सुचेनात. मग या हिवाळ्यात तू पिंजऱ्याच्या तोंडासाठी विणलेली जाळी खुंटीवरून काढली आणि पाकिटात कोंबली. खाली लिहिलं, हिची घरं मोजून बघा, एक जरी लहानमोठं निघालं तर पोरीला परत पाठवा.

आता बोलायचं तर बोल, नाहीतर नको बोलूस.

तुझा,
बाबा

रॉकलंड,
१५ एप्रिल

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

अहो, सरकारी डॉक्टरला कुणी जाळी पाठवतं का? ती सुद्धा डांबराच्या वासाची! भरतीच्या साहेबांनी नाकाला रुमाल लावून पाकीट पुढे धाडलं. आत्या हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी होती.

आणि ते दुसरं. बाबा, मला माहीत होतं. तुमचा हात खटक्यावर होता आणि मान मेरिलकडे, हे मी पाहिलं होतं. तुम्ही दोर निसटला म्हणालात, म्हणून मीही तेच म्हणत आले. तुमच्यावर राग कधीच नव्हता. माझ्याकडे बघायचं टाळलंत, त्याचा मात्र होता.

पत्र लिहिलंत, फार मोठं काम केलंत. मला तुमचा अभिमान वाटतो. मायेत अंतर पडू देऊ नका.

तुमची,
कोरी

रॉकलंड,
९ जून

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

मिळाली! सूट मिळाली! जुलैच्या अखेरीस केप मे इथे प्रशिक्षणाला हजर व्हायचंय. मंजुरीच्या कागदावर टंकलेलं आहे: सोबत, एक्स-रे दोन, पत्र एक, जाळी नग एक. खाली मोठ्या डॉक्टरांनी हातानं लिहिलंय की घरं मोजली, सगळी सारखी आहेत.

बेटावर सगळ्यांना सांगा. मेरिललाही.

तुमची,
कोरी

पिटमन बेट,
२७ सप्टेंबर

चि. कोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा समारंभ बघून परवा घरी पोचलो. भर हंगामात चार दिवस बेट सोडलं, तेव्हा पिंजरे कोण बघणार? दुसऱ्याच्या पिंजऱ्याला हात लावला तर इथे बोट बुडवतात, हे तुला ठाऊक आहे. मी मेरिलच्या दारात गेलो आणि पिंजऱ्यांवर तरंगणारे बोये मोजून त्याच्या हवाली केले. सात वर्षांनी त्याच्याशी बोललो. तो एवढंच म्हणाला की पोरीला सलाम सांग. आल्यावर पाहिलं तर एक शेवंड इकडचं तिकडे नाही. उलट फाटलेल्या दोन जाळ्या शिवून ठेवल्या होत्या, अर्थात वेड्यावाकड्या.

तिथे मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. विनीनं रुमाल पुढे केला तो मी घेतला नाही, नंतर घेतला. तुमची तुकडी समोर आली आणि तू उजवा हात कपाळाशी नेलास. सवयीनं माझी मान वळायला लागली, पण तिथे भिंतच नव्हती. मग मी बघितलं. बोटं बघितली, जिथे बोट नाही तेही बघितलं, आणि तू हात खाली घेईपर्यंत नजर काढली नाही. शेजारच्या बाईंनी विचारलं, यातली तुमची कोणती. मी म्हटलं, तो हात दिसतोय ना, तीच माझी.

तुझा,
बाबा