यंदाची नवी गोष्ट

शुक्रवार, ता. १४, दुपार

प्रिय ठमे,

आईचे खूप खूप आशीर्वाद. जेवलीस का? का चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेमा चढवता चढवता पुन्हा बिस्किटांवर दिवस काढलास? खोटं सांगू नकोस, मला कळतं.

मी काल सुखरूप पोचले. बस वेळेवर होती, गुडघ्यांनीही फारशी कुरकुर केली नाही. खोलीत आम्ही तिघी आहोत. एका चर्चच्या पाळकबाई घोरतात, आणि दुसऱ्या त्यांचं घोरणं थांबावं म्हणून प्रार्थना करतात. दोघींचाही विश्वास मोठा. बाबांना सकाळी फोन केला होता. ते हल्ली सारख्या जादा पाळ्याच घेतात. घरी बसवत नाही म्हणतात.

परिषद यंदा दणक्यात आहे. दिव्यांग सेवा करणाऱ्या झाडून सगळ्या मंडळ्या आल्यात. दारावर मोठा फलक लावलाय, ‘सर्वांसाठी उघडे द्वार’. आणि संडासाचं दार असलं अरुंद की चाकाची खुर्ची आडवी केली तरी आत जायची नाही. मी आयोजकांना ओढत नेऊन दाखवलं. म्हणाले, “ताई, पुढच्या वर्षी नक्की.” गेल्या वर्षीही पुढचंच वर्ष होतं.

सकाळी ओळखीचा तास झाला. तुला आठवतं ना, चहाचा कप घेऊन हॉलभर फिरायचं आणि अनोळखी माणसांशी बोलायचं. आपण कोण ते लोकांना लांबूनच कळावं म्हणून छातीवर रंगीत टिकली लावतात. पाळकांना निळी, स्वयंसेवकांना हिरवी, मुलांच्या आईबापांना पिवळी. टेबलावरची पोरगी मला ओळखते. “काकू, आमचे राजे कुठायत?” मी म्हटलं, “यंदा घरी.” तिनं पिवळी टिकली माझ्या हातावर ठेवली, मी ती लावली. झालं.

रागावलीस ना? माहीत आहे. तू दहादा बजावलं होतंस, आई, जायच्या आधी तिथल्या लोकांना फोन करून सांगून टाक. मी हो म्हटलं होतं. फोन हातात घेतलाही होता. पण ठमे, तू सांग, मी दुसरी कुठली टिकली लावू? पाळकबाई नाही, स्वयंसेवक नाही. या हॉलमध्ये मला शंभर माणसं ओळखतात, आणि त्यातल्या एकालाही माझं नाव धड ठाऊक नाही. मी राजांची आई. एवढ्या वर्षांत जोडलेलं एकूण एक माणूस त्याच्या खुर्चीच्या मागे उभी राहून जोडलंय.

आता खरं काम सांगते. फोनवर तू ओरडशील आणि खोलीत या दोघी असतात, म्हणून लिहितेय. पानाचा फोटो काढून पाठवीन.

चहाच्या वेळी एक तरुण मुलगी माझ्या पिवळ्या टिकलीकडे बघत सरळ चालत आली. कडेवर बाळ. त्याची मान मी लांबूनच ओळखली. तशीच मागे कललेली, तशीच लाळ, तोच आजार. तिला डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे, दहा वर्षांच्या पुढची आशा धरू नका. तिनं विचारलं, “तुमचा केवढा आहे?” आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “तेवीस.”

तिचा चेहरा तू बघायला हवा होतास गं. माझा हातच धरला. “तेवीस? एवढी जगतात?” मग हसायला लागली, मग रडायला लागली. बाळ घाबरून बघत राहिलं. त्यानंतर मी काय बोलणार होते? ती विचारत गेली आणि मी सांगत गेले. मजेत आहे, बहिणीपाशी ठेवलाय, तिचं नि त्याचं फार जमतं. तर म्हणाली, “मला एकदा व्हिडिओवर दाखवा ना राजांना.” तुझा नंबर मागितला. मी दिला.

फोन आला तर झोपलाय म्हण. बस, एवढंच. ज्या भावाला तू स्वतः खांदा दिलास, त्याच्याबद्दल मी तुला हे बोलायला सांगतेय. मला काही वाटत नाही असं समजू नकोस. चार महिने झाले तरी मी दुपारी त्याच्या औषधाच्या वेळेला उठून उभी राहते. पण त्या पोरीला मी आता कुठल्या तोंडाने सांगू, की तेवीस झाले आणि संपले?

उद्या शेवटची सभा, आईबापांची. सगळे गोल बसतात आणि प्रत्येकाने आपल्या मुलाची ‘यंदाची नवी गोष्ट’ सांगायची. एका वर्षी मी सांगितलं होतं, राजे चमच्याला तोंड उघडायला शिकले. दुसऱ्या वर्षी, पाळकांचा उपदेश लांबला की जांभई देतात. सगळा हॉल हसला होता, पाळकसुद्धा. यंदा सांगणार आहे, शीळ वाजवायला शिकला. ठरवून टाकलंय.


शनिवार, ता. १५, संध्याकाळ

ठमे,

कालचं पान पाठवलं नाही. पण फाडतही नाही. दोन्ही एकदमच वाच.

सभेत कालची ती मुलगी माझ्या शेजारीच येऊन बसली, खुर्चीला खुर्ची चिकटवून. गोल फिरत फिरत पाळी तिच्यावर आली. म्हणाली, “माझा आवाज आला की बाळ मान वळवतो. ही त्याची नवी गोष्ट. आणि माझी नवी गोष्ट म्हणजे, मला काल रात्री शांत झोप लागली. कारण या काकूंचा राजा तेवीस वर्षांचा आहे.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि पाळी माझी.

मी शिळेचं सांगायला तोंड उघडलं. आणि त्याचे ओठ आठवले. त्याला कधी ओठांचा चंबूसुद्धा करता आला नाही गं. जे त्याच्याच्यानं जन्मभर झालं नाही, ते मी त्याच्या मागे त्याच्या नावावर मांडायला निघाले होते. म्हणजे जसा होता तसा तो मलाही पुरला नाही, असंच झालं असतं. इतकी वर्षं ज्या लोकांशी मी याच्यावरून भांडले, त्यांच्यात आणि माझ्यात मग काय फरक?

मी म्हटलं, “आमचे राजे चार महिन्यांपूर्वी गेले. मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण मग मला इथं बसता आलं नसतं.”

त्या मुलीनं बाळ उचललं आणि ती बाहेर निघून गेली. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, तो माझ्या कपाळी बसला असता तर चाललं असतं. तिच्या का?

मग सगळे धावले. मिठ्या काय, रुमाल काय. जो येईल तो एकच सांगायचा, “आता तो स्वर्गात धावत असेल.” एक झाला, दोन झाले, पाचव्याला मी फटकारलंच. “का म्हणून धावेल? त्याला बसायला आवडायचं. खिडकीपाशी खुर्ची लावली की दिवसभर खूश असायचा माझा लेक. त्याला तिथं तरी कुणी पळवू नका!” पाळकांनी मान खाली घातली. नंतर हळूच म्हणाले, “चुकलंच आमचं.” भला माणूस आहे.

जेवायला मी कोपऱ्यातल्या टेबलावर एकटीच बसले होते. तेवढ्यात ती आली. डोळे सुजलेले. ताट माझ्यासमोर आदळलं आणि म्हणाली, “काल खोटं का बोललात?”

“तुझ्याकडे बघून,” मी म्हटलं. “खरं सांगायचा धीर झाला नाही.”

“पण तेवीस खरे ना?”

“तेवीस खरे.”

“मग तेवढे तरी माझ्याकडे राहू द्या.” बाळाच्या तोंडाची लाळ पुसली, आणि माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, “जाताना त्याला त्रास झाला का?”

ठमे, चार महिन्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांनी मला समजावलं, देवाची इच्छा समजावली. तूही विचारलं नाहीस. तुझा दोष नाही, मीच तशी संधी दिली नाही. तू आलीस तेव्हा तुझ्यापुढे जेवणाचं ताट केलं, प्रवासाचं विचारलं, आणि तू निघालीस तेव्हा डबा बांधून दिला. त्या परक्या पोरीला मी सगळं सांगितलं. बोलताना सारखं मनात येत होतं, हे आधी माझ्या लेकीला कळायला हवं होतं. म्हणून आता सांगते.

त्रास आदल्या दिवसापर्यंत झाला. छाती घरघरत होती, घोटभर पाणीही गिळता येत नव्हतं. पण त्या सकाळी श्वास हलका झाला. मला वाटलं, औषध लागू पडलं. मी त्याला उशांना टेकवून बसवलं, त्याचं डोकं माझ्या खांद्यावर घेतलं आणि लहानपणी तुम्हा दोघांना झोपवायची तेच गाणं म्हणायला लागले. पहिल्या कडव्याला त्यानं माझं बोट दाबलं. तिसऱ्या कडव्याला पकड सैल झाली. झोप लागली असेल म्हणून मी आवाज बारीक केला आणि गाणं शेवटपर्यंत म्हटलं. म्हटल्यावर त्याच्या तोंडाकडे पाहिलं. शेवटची किती कडवी मी माझ्या एकटीसाठीच म्हणत होते, मला माहीत नाही. ते मला कधीच कळणार नाही.

तो घाबरला नव्हता, ठमे. एवढं मी शपथेवर सांगते.

तिचा फोन आला तर तिला तुझ्या भावाबद्दल जे आठवेल ते खरं सांग. आणि मी उद्या घरी पोचल्यावर मला फोन कर. मी जेवणाचं विचारायला लागले तर मला थांबव आणि त्याच्याबद्दल विचार. मी रडेन. तू फोन ठेवू नकोस.

तुम्हा दोघांची,
आई