वास गेला, बाकी तसंच

बदलापूर, मार्च १९९१

प्रिय दिनू,

सांडपाण्याच्या अहवालाचा तुझा मसुदा शिपायाने आणून दिला. सोबत चिठ्ठी, 'ताई, इंग्रजी तेवढं बघ, सोमवारी सरकारी कचेरीत द्यायचाय.' अंबरनाथच्या कंपनीत सेफ्टी ऑफिसर झालास तरी ताईचं लाल पेन काही सुटत नाही! लहानपणी अण्णा शब्द पाठ करायला द्यायचे. तू घडाघडा म्हणायचास आणि अर्थ विचारला की पाणी प्यायच्या निमित्ताने पळायचास. आजही तेच चाललंय, आणि मला संताप आलाय.

'मिटिगेट अगेन्स्ट द हार्म' असं लिहिलंयस. त्यातलं 'अगेन्स्ट' नको. सगळेच घालतात, म्हणून ते बरोबर होत नाही. मिटिगेट म्हणजे कमी करणं; त्यापुढे सरळ त्या गोष्टीचं नाव येतं, जी तुम्ही कमी केलीत. मग सांग बाबा, काय कमी केलंत?

आपल्याकडे भाजी आणणारी तुळशी तुला ठाऊक आहे. मुंजीत तुला कडेवर घेऊन मिरवलं होतं तिने. तिच्या वाडीची विहीर तुमच्या कंपनीच्या नाल्याला लागून. दिवाळीपासून पाण्याला उग्र वास यायला लागला. तिची म्हैस तोंड लावेना, तेव्हा माणसंही शहाणी झाली आणि टेकडीपलीकडच्या झऱ्यावर जाऊ लागली. मग तुमची माणसं आली, विहिरीत ब्लिचिंग पावडर आणि तुरटी ओतली, फोटो काढले आणि गेली. नाल्यात सांडपाणी सोडणं मात्र चालूच. तुळशी हसत सांगत आली, "आता वास नाय येत ताई, पानी बेस झाला." म्हैस पाणी प्यायला लागली. गेल्या आठवड्यात ती गाभडली, पोटातलं रेडकू गेलं. गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे पाणी बंद करा. पण झरा आटलाय, करणार काय? शिवाय मी कितीही डोकं आपटलं तरी तुळशीचं एकच, "आपल्या दिनूभाऊंनी औषध टाकलाय, ते काय वाईट करतील?" तुझ्या नावावर ती पाणी पिते रे! आणि तिची लेक जिजा पहिल्या बाळंतपणाला आलीय. सातवा चालू आहे. तीही तेच पिते.

तू वाईट नाहीस, हे मला माहीत आहे. वरचे साहेब सांगतात, तू लिहितोस. पण खाली सही तुझी असते.

म्हणून मसुदा परत पाठवतेय. 'अगेन्स्ट' काढलंय. 'हार्म' खोडून तिथे 'स्मेल' लिहिलंय, कारण तुम्ही कमी केलात तो फक्त वास. आता वाक्य शुद्ध आहे, कर सही. हात धजत नसेल, तर उद्या सकाळी वाडीवर पाण्याचा टँकर घेऊन ये, नाला बंद होईपर्यंत रोज पाठव, आणि ते पाणी पिऊ नका, हे तुळशीला स्वतःच्या तोंडाने सांग. माझं ती ऐकत नाही. तुझं ऐकेल.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
सुनंदाताई